उद्या काय चालू, काय बंद?

वीसेक वर्षं झाली, मी मोहोळ तालुक्याच्या बातम्या एका दैनिकाला पाठवतो. तालुका वार्ताहराचं पोट बातमीवर भरत नाही. जोडीला थोडी शेती आहे, जाहिरातींचं कमिशन आहे. दुष्काळ, उसाचा दर, नगर परिषदेचं राजकारण, हायवेवरचे अपघात, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या, असं बातम्यांचं वर्ष ठरलेलं असायचं. लोकांचे फोन यायचे ते बहुतेक ‘आमची बातमी का आली नाही’ हे विचारायला. मार्च २०२० पासून पुढे कोरोनाची जवळजवळ दोन वर्षं फोनवर एकच प्रश्न होता. ‘काय ओ पत्रकार, उद्या काय चालू हाय?’

आजाराबद्दल डॉक्टरांनी लिहिलं, गेलेल्या माणसांबद्दल त्यांच्या घरच्यांनी लिहिलं. मला लिहायचंय ते या प्रश्नाबद्दल. तो किरकोळ वाटतो. माणसं मरत असताना कुणी दुकानाची वेळ विचारतं का, असं मला एका शिकलेल्या गृहस्थांनी सुनावलंही होतं. पण ज्याच्या घरात रोजच्या गल्ल्यावर संध्याकाळचं पीठ येतं, त्याला उद्या शटर उघडायचं की नाही हे आजच कळावं लागतं. ते कळलं नाही तर काय होतं, हे मी फार जवळून पाहिलं.

सुरुवातीचे तीन दिवस आठवून पाहा. २२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, एक दिवसाचं होतं, झालं. २३ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यभर संचारबंदी जाहीर केली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. कुणाची साखरेची गाठी घ्यायची राहिली होती, कुणाच्या घरी लहान मुलाचं दूध नव्हतं, कुणाची बीपीची गोळी संपत आली होती. भाषण संपायच्या आत गावातल्या किराणा दुकानांपुढे आणि औषधाच्या दुकानांपुढे झुंबड उडाली. किराणा, दूध, औषधं बंद होणार नाहीत हे त्याच रात्री सांगितलं गेलं, लेखी आदेशातही होतं. पण ते लोकांपर्यंत पोचेस्तोवर गर्दी होऊन गेली होती. गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या आदेशानं पहिल्याच रात्री गर्दी केली. पुढच्या दोन वर्षांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. बंदची कुणकुण लागली की बाजार फुलायचा.

मी शिकलो ते त्या रात्रीपासून. घोषणा वेगळी, आदेश वेगळा आणि रस्त्यावरचा अंमल वेगळा, हे तिन्ही एकमेकांपासून किती लांब असतात याची तोवर मला कल्पना नव्हती. टीव्हीवर नेता बोलतो ती घोषणा. त्यानंतर दिल्लीत गृह सचिवांच्या सहीनं आदेश निघतो, मुंबईत मुख्य सचिवांच्या सहीनं निघतो, सोलापुरात जिल्हाधिकारी आपला आदेश काढतात, आणि मग तहसील, नगर परिषद, पोलीस ठाणं. वरच्यानं दिलेली सूट खालचा काढून घेऊ शकतो, वरच्यानं घातलेली बंदी मात्र खालचा सैल करू शकत नाही, हा साधा नियम कळायलाच मला काही आठवडे लागले. आमच्याकडच्या लोकांना तो कुणीच सांगितला नव्हता. म्हणून पुण्याचा पाहुणा फोनवर ‘आमच्याकडं चालू हाय’ म्हणाला की इथला माणूस शटर वर करायचा आणि दंड भरायचा.

एका अधिकाऱ्यांनी मला एकदा मोकळेपणानं सांगितलं, ‘आदेश मलाही तुमच्याआधी मिळत नाही. रात्री बाराला पीडीएफ येते, सकाळी सातला अंमल करायचा असतो.’ त्यांचे डोळे झोपेनं लाल होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

एप्रिलच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगतो. आष्टीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा फोन आला. माल निघाला होता, पण व्यापारी फिरकलाच नव्हता. निम्मी द्राक्षं बेदाण्याला टाकली, निम्मी वाटली. आता खरड छाटणी झालेली, बागेला पाणी हवं, आणि बोअरची मोटर जळालेली. मोहोळात वायंडिंगचं दुकान बंद. ‘मालक, बाग वाळायला लागलीय, तुम्ही सांगितलं तर तो उघडंल,’ म्हणाला. मी वायंडिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उघडायला मला काय, पण चौकात काठी बसली तर? खोटं नव्हतं, दोन दिवसांपूर्वीच त्याच्या शेजाऱ्याला प्रसाद मिळाला होता.

केंद्राच्या गृह मंत्रालयाचा ३ एप्रिलचा पुरवणी आदेश माझ्या मोबाइलवर आलेला होता. शेती अवजारं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची दुकानं चालू ठेवायला त्यात परवानगी होती. झेरॉक्सची दुकानं बंद. मी वहीचं पान फाडलं, वर आदेशाचा क्रमांक लिहिला, ४०-३/२०२०, खाली तारीख, खाली ते एक कलम मराठीत. पान घेऊन दुकानावर गेलो. वायंडिंगवाल्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘हे तुम्ही लिहिलंय. साहेबाचं कुठाय?’ त्याचं बरोबर होतं. आम्ही दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो, लांब उभं राहून विचारलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी मोबाइलवरचा आदेश वाचला, ‘उघडा, गर्दी करू नका’ म्हणाले आणि चौकातल्या शिपायाला फोन लावून सांगितलं. तो एक फोन झाला म्हणून शटर अर्धं वर गेलं. दुकानात खाली बसून त्यानं मोटरची जळालेली तार ओढून काढली, काळीठिक्कर, वार्निशचा वास दुकानभर. नवी तांब्याची तार सोलापूरहून येणार नव्हती, म्हणून दुसऱ्या एका भंगारातल्या मोटरची काढून भरली. बागेला पाणी तिसऱ्या दिवशी गेलं.

सूट आधीच मिळालेली होती. ती मोहोळच्या चौकापर्यंत आली नव्हती एवढंच. नंतर मला असे पुष्कळ लोक भेटले ज्यांना कायद्यानं मोकळं सोडलं होतं आणि ते घरात अडकून होते. आणि काही असेही, ज्यांना बंदी होती आणि ते निवांत फिरत होते.

त्याच दिवसांत गावंच्या गावं बंद झाली. पुण्या-मुंबईहून माणसं परतायला लागली तसं गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या, दगड, बैलगाडीचे साटे आडवे पडले. हा रस्ता बंद करायचा अधिकार गावाला आहे का? नव्हता. पण तसं सांगायला गेलो तर लोक म्हणायचे, सरकार देश बंद करतंय, आम्ही गाव केलं तर काय चुकलं. परतलेल्यांना शाळेत ठेवायचं की घरात, चौदा दिवस कुणी मोजायचे, जेवण कुणी द्यायचं, याचं उत्तर दर दोन गावांमागे निराळं होतं. एका वस्तीवर एक म्हातारे भेटले. त्यांच्या घरात पलेगाची आठवण होती. त्यांचा आजा गाव सोडून रानात झोपडी घालून राहिला होता. त्यांनी कुणाला न विचारता पोराबाळांसह शेतातल्या वस्तीवर मुक्काम हलवला होता. त्यांना ‘उद्या काय चालू’ विचारायची गरज नव्हती, कारण ज्वारी घरची होती आणि गाय दारात होती. ज्यांच्याकडे ते नव्हतं, ते मला फोन करायचे.

सर्वांत हाल ऊसतोड मजुरांचे झाले. गाळप संपत आलेलं, कारखान्याच्या आवारात खोप्या, पाण्याची मारामार, आणि बीडकडचं गाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे. एक मुकादम रोज फोन करायचा. माझा नंबर त्याला कुणी दिला ठाऊक नाही. ‘सोडत्यात का आम्हाला?’ एवढंच विचारायचा. काही टोळ्या रात्रीच्या चालत निघाल्या आणि अडवल्या गेल्या. १७ एप्रिलला राज्य सरकारनं निर्णय केला, मजुरांची तपासणी करून कारखान्यांनी त्यांना गावी पोचवावं. मी त्याला फोन केला तेव्हा तो पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला: ‘खरंच ना? लेखी हाय ना? वाटंत अडीवत्याल का?’ कागदावर सुटका झाली, तरी विश्वास बसायला त्याला दोन दिवस लागले. आधीच्या तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या माणसांनी त्याला तीन वेगवेगळ्या तारखा सांगितल्या होत्या.

आमच्या धंद्याचंही तेच झालं. १८ एप्रिलला राज्याचा आदेश आला की वर्तमानपत्र छापायला हरकत नाही, घरोघर वाटायला मात्र मनाई. सगळीकडून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि २१ तारखेला आदेश बदलला. मुंबई-पुणे महानगर आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून बाकीकडे वाटपाला परवानगी मिळाली. पण आमच्याकडे परवानगीनं काय होणार होतं? खेड्यांत पेपरचे गठ्ठे जायचे एसटीनं, आणि एसटी उभी होती. ज्या दिवसांत लोकांना छापील, नावानिशी, तारखेसह काही हवं होतं त्या दिवसांत त्यांच्या हातात फक्त व्हॉट्सॲप होतं. तिथे पुढे पाठवलेला आदेश खरा की खोटा, कालचा की महिन्यापूर्वीचा, आपल्या जिल्ह्याचा की दुसऱ्याचा, काही कळायचं नाही. बऱ्याचदा पहिलं पान कापलेलं असायचं, म्हणजे तारीखच नाही. खोडसाळपणा थोडा होता. जास्त होती ती घाई. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या माणसाला आपणच आधी सांगावं.

२४ एप्रिलच्या रात्रीचं उदाहरण घ्या. केंद्रानं नोंदणीकृत दुकानं उघडायला सूट दिल्याचा आदेश रात्री उशिरा आला. सकाळी मोहोळात केशकर्तनालयापासून कापड दुकानापर्यंत सगळे विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी केंद्राचाच खुलासा आला की सलून, हॉटेल, दारूची दुकानं यात नाहीत. शिवाय राज्यानं आणि जिल्ह्यानं मान्य केल्याशिवाय काहीच नाही. आठवड्याभरात देशाचे लाल, नारिंगी, हिरवे भाग पाडले गेले आणि आमचा सोलापूर जिल्हा लाल रंगात गेला. शहरात एप्रिलच्या मध्यापासून रुग्ण वाढत होते. मोहोळ तालुक्यातल्या लोकांचं म्हणणं होतं, आमच्याकडे रुग्ण नाही, मग आम्ही लाल कसे? प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर द्यायला मात्र कुणी समोर नव्हतं. मीही तेव्हा ‘जिल्हा एकक धरलाय’ यापलीकडे काही सांगू शकलो नाही.

माझ्या कामाला वळण मिळालं ते एका ग्रामसेवकामुळे. मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं. हातात जिल्ह्याचा आठ-नऊ पानी आदेश. म्हणाले, ‘हे चावडीच्या स्पीकरवर वाचलं तर अर्धा तास लागंल आणि शेवट कुणाच्या ध्यानात राहणार नाही. तुम्हाला बातमी लिहायची सवय हाय. पाच ओळी करून द्या.’ आम्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दोन टोकांना बसलो. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. दोन तास गेले. पहिल्या ओळीत काय? ‘प्रतिबंधात्मक उपाययोजनांच्या अनुषंगाने’ असं काहीही नको. पहिली ओळ अशी ठरली: उद्या सोमवारपासून रविवारपर्यंत. कारण लोकांना आधी ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हवं असतं. दुसऱ्या ओळीत काय चालू आणि किती ते किती. तिसऱ्या ओळीत काय बंद. इथे आम्ही नुसतं ‘इतर सर्व’ लिहून थांबलो नाही, गावात जी दुकानं खरोखर आहेत त्यांची नावं घातली: टेलर, सलून, चहाची टपरी, पानपट्टी. चौथ्या ओळीत आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला कुणाची परवानगी लागत नाही, हे. आणि पाचव्या ओळीत शंका असली तर फोन कुणाला करायचा. फोन नंबर ग्रामसेवकांनी स्वतःचा दिला.

संध्याकाळी ते स्पीकरवर वाचलं गेलं, आणि वस्त्यांवर कोतवाल हलगी घेऊन गेला. दवंडी मी लहानपणी ऐकली होती. त्या दिवशी पुन्हा ऐकली. कोतवालाला सगळी वस्ती ओळखत होती. त्यानं सांगितलं म्हणजे खरं. कुणीतरी विचारलं, ‘पिठाची गिरणी?’ आम्ही गिरणी विसरलो होतो. कोतवालानं तिथूनच ग्रामसेवकांना फोन लावला, विचारलं आणि सांगितलं, ‘चालू, सकाळच्या पारी.’ एका माणसानं विचारलं, त्याच जागी उत्तर मिळालं आणि चाळीस घरांचा प्रश्न मिटला. तेव्हापासून मी माझ्या बातम्या त्याच क्रमानं लिहायला लागलो. कधीपासून, कधीपर्यंत, काय चालू, काय बंद, विचारायचं कुणाला. संपादकांना आधी ते रुक्ष वाटलं. मग इतर तालुक्यांच्या वार्ताहरांनाही तसंच पाठवायला सांगू लागले.

आणि ज्याचं उत्तर ठाऊक नाही त्याला ‘आदेश हातात आला की सांगतो’ म्हणायला शिकलो. हे सोपं नव्हतं. वार्ताहराला आधी कळतं अशी लोकांची समजूत असते आणि ती समजूत मोडणं जिवावर येतं. पण माझ्या अंदाजावर कुणी शंभर किलो भाजी भरली असती तर ती सडल्यावर मी काय तोंड दाखवलं असतं?

जूनमध्ये ‘मिशन बिगीन अगेन’ आलं. २८ जूनला राज्यात सलून उघडली, पण फक्त केस कापायला. दाढीला मनाई, कारण त्वचेचा संबंध येतो. तीन महिने घरी बसलेल्या नाभिक बांधवांना हा निम्मा धंदा मिळाला. खेड्यात माणूस केसांना महिन्यातून एकदा येतो, दाढीला आठवड्याला येतो. जो धंदा खरा होता तोच बंद राहिला. माझ्या ओळखीच्या एकानं दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची नावं खडूनं फळीवर लिहून ठेवली, दाढी सुरू झाली की आधी त्यांना बोलवायला. जुलैत सगळं पुन्हा मागे गेलं. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतली गावं १६ जुलैच्या रात्रीपासून २६ जुलैपर्यंत कडक बंद झाली, त्यात मोहोळ तालुक्यातलीही गावं होती. त्याच महिन्याच्या एक तारखेला आषाढी झाली होती. पालख्या मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपुरात गेल्या. आमच्या भागातले जन्मभर पायी वारी केलेले लोक त्या दिवशी घरातच बसून होते. त्या बंदीबद्दल मला एकाही वारकऱ्याची तक्रार ऐकायला मिळाली नाही. कारण ती आधी सांगितली होती, त्यामागचं कारण सांगितलं होतं, आणि ती सगळ्यांना सारखी होती. मानाच्या पालख्यांनाही.

जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा तो २ सप्टेंबरपासून बंद झाला. त्याआधीच्या महिन्यांतला एक फोन मला विसरता येत नाही. हडपसरला कामाला असलेला एक मुलगा. वडील पहाटे गेले. ‘दादा, येता येईल का? पास येईपर्यंत थांबू का तसाच निघू?’ मृत्यूसाठी प्रवासाला परवानगी होती, हे मी त्याला सांगितलं. पासचा अर्ज भर आणि पोलीस पाटलांचं पत्र फोनवर मागवून घे, हेही सांगितलं. तो निघाला. एका नाक्यावर त्याला थांबवलं. मोबाइलवरचं पत्र चालत नाही, पास दाखव. पास मंजूर झाला तेव्हा दुपार टळली होती. इकडे उन्हाचं प्रेत किती वेळ ठेवणार? वीस माणसांत अंत्यविधी झाला आणि मुलानं तो रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर पाहिला. नियम त्याच्या बाजूनं होता. त्या नाक्यावरच्या माणसाला पत्र चालतं की नाही हे नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, आणि चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागणार होता. तो अडवूनच ठेवणार.

२०२१ चा एप्रिल सगळ्यात वाईट. आजारही, गोंधळही. ४ एप्रिलला रविवारी जाहीर झालं ते लोकांनी ऐकलं ते असं: रात्री संचारबंदी, शनिवार-रविवार बंद. व्यापाऱ्यांनी आठवड्याचे पाच दिवस धरून हिशेब मांडले, कारण पाडवा तोंडावर होता, १३ तारखेला. लेखी आदेश वाचला तर जीवनावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत बंद! राज्यभर व्यापारी रस्त्यावर आले. मोहोळात एका कापड दुकानदारानं मला त्याचा माल दाखवला. लग्नसराईचे शालू, उघडलेसुद्धा नव्हते गठ्ठे, सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं अंगावर. तो आदेशाविरुद्ध नव्हता. दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या हे त्यालाही दिसत होतं. ‘पण रविवारी खरं काय ते सांगितलं असतं, तर सोमवारी गाडी उतरवून घेतली नसती,’ म्हणाला.

आणि याच दिवसांत शेजारच्या पंढरपूर-मंगळवेढ्यात विधानसभेची पोटनिवडणूक होती. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात संचारबंदी, १७ एप्रिलला मतदान. त्याआधी प्रचाराच्या सभा आमच्या लोकांनी मोबाइलवर पाहिल्या. माणसाला माणूस चिकटलेला. ‘सभेला चालतंय, आमच्या टपरीला का न्हाई?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. नियम कडक असण्यानं लोक जेवढे दुखावले नाहीत तेवढे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असण्यानं दुखावले. त्या निवडणुकीनंतर आमच्या भागात मास्क लावा म्हणून सांगायला गेलं तरी लोक तोंड फिरवायचे. हे नुकसान कुठल्या आकड्यात आलं नाही.

मग २० एप्रिलपासून किराणाही सकाळी सात ते अकरा. दोन दिवसांनी लग्नांवर आणखी बंधन: २२ एप्रिलला रात्री आठपासून एकूण पंचवीस माणसं, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. पेनूर रस्त्यावरच्या एका गावातले गृहस्थ त्या रात्री माझ्या दारात आले. मुलीचं लग्न चार दिवसांवर. हातात शाळेची वही, त्यात पन्नास नावं लिहिलेली, कारण तोवर तेवढी चालत होती असं त्यांना सांगितलेलं. ओट्यावरच्या दिव्याखाली ते बसले आणि खोडायला लागले. आधी स्वतःकडचे मित्र. मग चुलत्यांची पोरं. मग आत्या, कारण त्या वयस्कर आहेत आणि तसंही येऊ नये. मामाच्या नावावर पेन थांबलं. मामा तर मुलीच्या मागं उभा राहायला लागतो. मामा राहिला, मामी गेली. ‘भटजी धरायचे का यात? आणि आचारी?’ आदेशात एकूण पंचवीस होतं, म्हणून भटजी धरले. आचारी रद्द केला. सुनाच करतील म्हणाले. नवरदेवाकडच्यांना बारा दिले. सव्विसावं नाव त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. ते खोडताना त्यांनी चष्मा काढून पुसला. वही मिटली आणि मला म्हणाले, ‘पंचवीस तर पंचवीस. पण परवाच्याला वीस न्हाई ना व्हणार?’

मी त्यांना खात्री देऊ शकलो नाही. लग्न पंचवीसांतच झालं.

या दोन वर्षांत हजारो वेळा ऐकलेल्या त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या रात्री पुरता लागला. सवलत द्या असं म्हणणारे कमी होते. बहुतेकांना पक्कं काय ते हवं होतं. पक्कं मिळालं तर आमचा माणूस आपल्या थोरल्या भावाचंही नाव खोडतो.

जूनमध्ये तर एकाच संध्याकाळी दोन उत्तरं आली. ३ जून २०२१ ला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांचं अनलॉक आणि अठरा जिल्हे जाहीर केले. लातूर त्यात होतं, सोलापूर नव्हतं. मोहोळातून फोन सुरू झाले, लातूरला उघडलं, आपल्याला का नाही? तास-दोन तासांत सरकारचा खुलासा आला: निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. दुसऱ्या दिवशी रात्री खरा आदेश निघाला, ७ जूनपासून लागू होणारा. बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा पाहून जिल्ह्याचा स्तर ठरणार होता. तो आदेश माझ्या मते त्या दोन वर्षांतला सर्वांत चांगला होता, कारण त्यात मोजमाप सांगितलेलं होतं. पाच टक्क्यांच्या आत आला तर हे, दहाच्या वर गेला तर ते. आता आमच्या चहावाल्यालाही गुरुवारी आकडा पाहून पुढच्या सोमवारचा अंदाज बांधता येत होता. पण त्याची सुरुवातच गोंधळानं झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात डेल्टा प्लसचं कारण देऊन कुठलाच जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली जाणार नाही असं ठरलं. ऑगस्टमध्ये पंचवीस जिल्ह्यांना मोकळीक मिळाली तेव्हा वगळलेल्या अकरांत सोलापूर होतं. नंतर जिल्ह्यातल्या पंढरपूर, माढ्यासह पाच तालुक्यांत आणखी कडक बंद झाला. मोहोळ त्यात नव्हतं, म्हणून शिवेवरच्या गावांत रस्त्याच्या एका बाजूचं दुकान चालू, दुसऱ्या बाजूचं बंद. ३१ मार्च २०२२ ला मंत्रिमंडळानं सगळे निर्बंध उठवायचं ठरवलं, तेव्हाही पहिला फोन आला: ‘पक्कं ना?’

आता या सगळ्याला काही वर्षं झाली. फळ्या पुसल्या गेल्या, शाळेतल्या खाटा गेल्या, आदेशांच्या पीडीएफ लोकांनी मोबाइलमधून काढून टाकल्या. माझ्याकडे त्या आहेत. मी त्या तारखेवार लावून ठेवल्यात आणि ज्या ग्रामपंचायतीला हव्यात तिला देतो. त्यांच्यासोबत आमच्या त्या पाच ओळींचा नमुनाही देतो.

ज्या कायद्याच्या आधारानं राज्यानं मार्च २०२० मध्ये हे सारं सुरू केलं तो साथरोग कायदा १८९७ चा आहे, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की लोकांनी पाळायचे नियम जाहीर सूचना देऊन करावेत. इंग्रजांच्या काळातला तो कायदा जुलमी होता, पुण्यात त्याचं काय झालं हे आपण शाळेत शिकलो. पण एवढी एक गोष्ट त्यात बरोबर लिहिलेली आहे. मुंबईत आणि सोलापुरात आदेश लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या वेळी घोषणेच्या आधी आदेश लिहून तयार ठेवा, मराठीत लिहा, अंमलाच्या निदान एक दिवस आधी तो गावातल्या कोतवालाच्या आणि नाक्यावरच्या शिपायाच्या हातात द्या, आणि खाली असा फोन नंबर लिहा जो कुणीतरी उचलेल.